माथेरानचें लहान एंजिन

आज ज्या एंजिनाविषयीं मी आपल्याशीं बोलणार आहें, तें माझ्या दोन तळहातांवर मावतें. त्याचें वजन तीन किलोच्या आंतबाहेर आहे. तें पाणी पितें, वाफ सोडतें आणि आमच्या गच्चीवर अंथरलेल्या रुळांवरून स्वतःच्या बळानें चालतें. तें बांधावयास मला तीन वर्षें आणि चार महिने लागले. बाजारांत याहून सुबक खेळणीं तयार मिळतात, मग एवढा खटाटोप कशासाठीं, असें घरच्या मंडळींनीं मला अनेकदां विचारलें. त्यांना जें उत्तर मला घाईघाईंत कधीं देतां आलें नाहीं, तें आज सावकाश देण्याचा विचार आहे.

या एंजिनाचा मूळपुरुष माथेरानचा. आम्ही दोघे भाऊ लहान असतांना, म्हणजे १९६० च्या आगेंमागें, मे महिन्याच्या सुटींत वडील आम्हांला माथेरानास नेत. नेरळास मोठ्या गाडींतून उतरलें कीं आई सामानाचे डाग मोजीत राही आणि आम्ही पलीकडच्या लहान गाडीकडे धूम ठोकीत असूं. त्या वेळीं या मार्गावर डिझेलचीं एंजिनें आलेलीं होतीं. पण वाफेचीं एंजिनेंही अजून चालत, आणि आपल्या गाडीला त्यांपैकीं कोणतें लागतें यावर आमच्या सुटीचें सारें सुख अवलंबून असे. वाफेचें लागलें तर दादा डब्यांत बसल्याबरोबर खिडकींतून मान बाहेर काढी, ती माथेरान येईपर्यंत आंत घेत नसे. डोळ्यांत कोळशाचे कण जाऊन ते लाल होत, आणि आई त्याला दर वर्षीं तेंच रागें भरे.

एकदां वॉटर पाइप स्टेशनावर गाडी थांबली असतां दादानें मला विचारलें, “अरे, एवढ्या वळणावर एंजिनाचीं सहाच्या सहा चाकें रुळावर राहतात तरी कशीं?” मी आठ वर्षांचा होतों. चाकें आंतून रबराचीं असावींत, असें मीं ठासून सांगितलें. दादा बारा वर्षांचा. त्याला हें उत्तर पटलें नाहीं, पण दुसरें कांहीं त्यालाही सुचलें नाहीं. प्रश्न तसाच राहून गेला.

तो प्रश्न मुलांच्या खेळांतला असला तरी ज्यांनीं हा मार्ग बांधला त्यांनाही तो पडलेला होता. नेरळ ते माथेरान हा सुमारें २१ किलोमीटरांचा मार्ग अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनीं १९०४ सालीं बांधावयास घेतला आणि १९०७ सालीं त्यावरून गाडी सुरू झाली. दोन रुळांमधलें अंतर अवघें २ फूट. चढण कांहीं ठिकाणीं वीसास एक, म्हणजे वीस पावलें पुढें गेलें कीं एक पाऊल वर. आणि वळणें इतकीं आवळ कीं कोठें कोठें त्यांची त्रिज्या ६० फुटांवर येते. चढण चढावयाची तर सर्व चाकांना जोर पाहिजे, म्हणून सहाही चाकें दांड्यांनीं एकमेकांस जखडलेलीं हवींत. आणि वळण घ्यावयाचें तर तींच चाकें मोकळीं हवींत. जखडलेलें आणि मोकळें, दोन्ही एकाच वेळीं! बर्लिनच्या ओरेनस्टाइन आणि कॉपेल या कारखान्यानें या मार्गासाठीं जीं चार एंजिनें घडविलीं, त्यांच्या पोटांत या कोड्याचें उत्तर दडलेलें होतें. गेल्या शतकाच्या नवव्या दशकाच्या आरंभीं वाफेचा जमाना तेथून उठला. त्या चारांपैकीं एक एंजिन इंग्लंडांत गेलें, एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत आहे.

आतां माझ्या खटाटोपाचें कारण. दादाला काचबिंदूनें गांठलें. प्रथम कडेचें दिसेनासें झालें, मग कडा आंत आंत सरकत गेली, आणि सहा वर्षांपूर्वीं उरलेला कवडसाही मिटला. २०१९ च्या पावसाळ्यांत माथेरानच्या मार्गाची वाताहत झाली आणि गाडी २०२२ पर्यंत पूर्ववत् झाली नाहीं. ती बातमी मीं त्याला वाचून दाखविली तेव्हां तो म्हणाला, “गाडी असली काय आणि नसली काय, मला आतां तिचा आवाजच काय तो हवा. आणि तो तर केव्हांच गेला.” माझ्या मनानें त्या रात्रीं घेतलें कीं, तें एंजिन करावयाचें. शोभेचें नव्हे, चालणारें. दादाला त्याचा रंग दिसणार नव्हता; पण हात फिरवून त्याचें अंग समजलें पाहिजे आणि कान देऊन त्याची चाल समजली पाहिजे, ही अट मीं स्वतःलाच घातली. ती किती जाचक आहे, याची मला तेव्हां कल्पना नव्हती.

प्रमाण ठरविणें हा सर्वांत सोपा भाग. हौशी मंडळींत १ फुटास १६ मिलिमीटर असें एक माप रूढ आहे. २ फुटांचे रूळ त्या मापानें नेमके ३२ मिलिमीटरांवर येतात. ६० फुटांचें वळण ९६ सेंटिमीटर त्रिज्येचें होतें. तेवढें वर्तुळ आमच्या गच्चीवर सहज मावलें. खऱ्या एंजिनाच्या पत्र्यावर पाऊण इंच रुंदीचें डोकें असलेला रिव्हेट असेल तर माझा रिव्हेट बरोबर १ मिलिमीटराचा. दिल्लीस मी दोनदां गेलों, परवानगी काढून फितीनें मापें घेतलीं, छायाचित्रें काढलीं, आणि घरीं येऊन सर्व आंकडे एकोणिसांनीं भागले. आतां फक्त कापावयाचें आणि जोडावयाचें, असें वाटून मला फार हलकें वाटलें.

परंतु निसर्ग कांहीं भागाकारानें लहान होत नाहीं. लांबी एकोणिसावा हिस्सा झाली कीं पृष्ठभाग सुमारें ३६० वा हिस्सा होतो आणि घनफळ व वजन सुमारें सात हजारावा हिस्सा. २० टनांचें एंजिन या हिशेबानें तीन किलोचें होतें. पाणी सात हजारपट कमी झालें, पण तें ज्या पत्र्यांतून थंड होतें तो पत्रा तीनशेंसाठ पटच कमी झाला. अर्थात् प्रत्येक थेंबामागें उष्णता पळून जाण्यास वाट एकोणीस पटींनीं मोठी झाली. मोठ्या पातेल्यांतला चहा तासभर गरम राहतो आणि बशींत ओतलेला फुंकर घालतांच निवतो, त्यांतलाच हा प्रकार. कोळशाचें तेंच. मूठभर शेगडींत वाटाण्याएवढे कोळसे घातले तर जाळीचीं छिद्रें पहिल्याच राखेनें बुजतात. म्हणून कोळसा सोडून मला स्पिरिटच्या वातींवर यावें लागलें. बाहेरून एंजिन जितकें खरें करावें, तितकें आंतून निराळें करावें लागतें. नाहीं तर तें जगत नाहीं. या तडजोडीचें मला पहिलें वर्षभर वाईट वाटे.

एका बाबतींत मात्र मीं तडजोड केली नाहीं, आणि ती बाब कोणालाच दिसत नाहीं. ती म्हणजे दादाच्या जुन्या प्रश्नाचें उत्तर. त्या जर्मन एंजिनांत पुढचा व मागचा कणा क्लीन आणि लिंडनर या सॅक्सनीच्या रेल्वेंतील दोन यंत्रज्ञांच्या युक्तीचा आहे. नेहमींच्या एंजिनांत कणा एकच असतो. येथें ते दोन आहेत, एकांत एक. आंतला भरीव कणा बाहेरच्या चौकटींत सरळ फिरतो. दांडे त्यालाच जोडलेले. त्याच्याभोंवतीं नळीसारखा पोकळ कणा असतो, आणि चाकें बसविलेलीं असतात तीं या नळीवर. सदऱ्याच्या सैल बाहींत हात असावा तशी ही रचना. भरीव कण्याच्या मधोमध एक गोळा असून त्यांतून आडवी खीळ गेलेली असते. ती फिरण्याचा जोर नळीला देते, पण नळीनें जरा तिरपें व्हावें किंवा बाजूस सरकावें, याला ती आड येत नाहीं. म्हणजे हात सरळच राहतो आणि बाही वळते! मधला कणा साधा. एवढ्यानें काम भागतें.

हें मला पुस्तकांतून कळलें तेव्हां रात्रीचे साडेअकरा झाले होते. मीं तशांत दादाला फोन केला. तो झोपेंतून उठून म्हणाला, “म्हणजे रबर नव्हे तर?” साठ वर्षांनीं!

माझ्या मापांत तो भरीव कणा ४ मिलिमीटर जाडीचा, गोळा ६ चा, आणि खीळ दीड मिलिमीटराची. वळण गांठावयास चाकांना थोडी सैल जागा ठेवली तरी चालतें आणि बहुतेक शहाणे लोक तेंच करतात. मीं मात्र लेथवर सात गोळे वांकडे उतरवून फेंकून दिले आणि आठवा व नववा ठेवला. त्यांत पावसाळ्याचे दोन महिने गेले. यांत शहाणपणा किती होता हें मी सांगूं शकत नाहीं. पण दादाच्या हातांत जेव्हां नुसती चौकट दिली आणि त्यानें पुढचीं चाकें अंगठ्यानें हळूच दाबलीं, तेव्हां तीं वळलीं आणि दांडे जागचे हलले नाहींत. तो बराच वेळ तीं चाकें वळवीत बसला होता.

खरी परीक्षा बाष्पकाची, ज्याला आपण बॉयलर म्हणतों. हें भांडें तांब्याचें. त्याचें अंग तयार नळीचें करतां येतें. पण दोन्ही तोंडांच्या ताटल्या कांठ दुमडून बनवाव्या लागतात. मला तें साधेना. तेव्हां मी पुण्याच्या कसब्यांतल्या तांबट आळींत गेलों. पिढ्यान् पिढ्या बंब आणि हंडे ठोकणाऱ्या एका वृद्ध कारागिरांनीं माझी दोन इंचांची ताटली हातांत घेऊन उलटसुलट पाहिली. “साहेब, ही कुठल्या भांड्याची?” म्हणून विचारलें. एंजिनाची आहे, असें सांगतांच त्यांनीं शेजारच्या दोघांना हांक मारली. पोलाद तापवून पाण्यांत बुडविलें तर कठीण होतें. तांबें लाल करून बुडविलें तर मऊ होतें, आणि ठोकूं लागलें कीं पुनः कठीण होत जातें. मी पुस्तकांत हें वाचलेलें होतें. पण किती ठोक्यांनंतर थांबून परत तापवावयाचें, हें पुस्तकांत नसतें. त्यांना तें मोगरीच्या आवाजावरून कळे. आवाज बदलला कीं ते हात थांबवीत. दोन ताटल्यांचे त्यांनीं पैसे घेतले नाहींत. एंजिन चाललें कीं दाखवावयास आणा, एवढेंच म्हणाले.

या भांड्याचे सांधे चांदीच्या झाळेनें जोडतात. टांकणखाराचा लेप द्यावयाचा, सारें भांडें लालसर होईपर्यंत तापवावयाचें, मग झाळेची काडी टेंकवली कीं ती पाण्यासारखी पळत जाऊन सांध्यांत शिरते. तांबें उष्णता इतकी भराभर वाहून नेतें कीं, एक टोंक तापवावें तों दुसरें तिला पिऊन टाकतें. झडपा व नळ्या बसविण्याच्या पेट्या कांशाच्या केल्या, पितळेच्या नव्हे. कारण पितळेंतलें जस्त गरम पाण्यांत वर्षानुवर्षें निघून जातें आणि मागें ठिसूळ चाळण उरते. इतकें सर्व पथ्य मीं पाळलें, आणि शेवटच्या पेटीच्या वेळीं मात्र घाई केली. गॅस संपत आला होता, दिवस मावळत होता. झाळ वितळली, पण पळाली नाहीं, हें मीं पाहिलें आणि पाहून न पाहिल्यासारखें केलें.

बाष्पक कधींही प्रथम वाफेनें तपासूं नये. थंड पाण्यानें कांठोकांठ भरून हातपंपानें दाब द्यावा. पाणी दबत नाहीं, म्हणून सांधा फुटलाच तर एक थेंब बाहेर येतो आणि कांटा खालीं पडतो. तेंच वाफेनें केलें तर भांड्याचे तुकडे तोंडावर येतात. माझें एंजिन दर चौरस इंचास ४० पौंडांवर चालावयाचें. तपासणी दुप्पट दाबाची, ८० ची. कांटा ७० वर गेला आणि त्याच पेटीच्या कडेला घामाच्या थेंबासारखें पाणी उभें राहिलें. मीं तें पुसलें. तें परत आलें.

तो एक सांधा पुनः तापवावयाचा तर बाकीचे सगळे वितळण्याच्या बेतास येतात. मीं प्रयत्न केला आणि त्यांत आणखी दोन सांधे गेले. आठ महिन्यांचें काम. दादाला काय सांगावें, हें मला समजेना. आठवडाभर मी त्याच्याकडे गेलोंच नाहीं. शेवटीं त्याचाच फोन आला. मीं खरें तें सांगितलें. तो म्हणाला, “तूं फुटकें भांडें माझ्या खोलींत ठेवून तें वाफेनें तपासलें असतेंस तर? मला तर पळतांही आलें नसतें.” आणि तो मोठ्यानें हंसला. दुसऱ्या दिवशीं मी पुनः तांबट आळींत गेलों. दुसरें बाष्पक ८० वर अर्धा तास कोरडें ठणठणीत राहिलें. पहिलें मीं मोडींत टाकलेलें नाहीं. त्यांत माझ्या पेन्सिली असतात.

त्यानंतरचें काम आनंदाचें होतें. पाण्याच्या टाक्यांचे पत्रे, त्यांवर सुईच्या सांच्यानें आंतून उठविलेले रिव्हेट, धुराडें, छपराखालची चालकाची जागा. हें सगळें मी लवकर सांगून टाकतों, कारण सांगण्यासारखें त्यांत थोडें आहे. एक लहानशी तेलाची कुपी मात्र वगळवत नाहीं. वाफेच्या नळीला ती चिकटलेली असते. थोडी वाफ तींत शिरते, थंड होते, तिचा थेंब बनतो. पाणी तेलाहून जड म्हणून तो तळाशीं बसतो आणि तेवढेंच तेल वर उचललें जाऊन वाफेबरोबर दट्ट्यापर्यंत पोंचतें. कोणी हलवावयास नको, कोणी मोजावयास नको. मोठ्या यंत्रांत जी युक्ति, तीच येथें जशीच्या तशी चालते. लहान करतांना निसर्गानें आडकाठी केली नाहीं, अशा ज्या थोड्या वस्तु मला आढळल्या, त्यांतली ही एक.

आतां चालीची गोष्ट. दोन्ही बाजूंच्या नळकांड्यांत दट्ट्या पुढेंमागें जातांना वाफ दोनदां सुटते, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यांत चार ठोके ऐकूं येतात. प्रतिकृतीचीं चाकें एकोणिसाव्या हिश्शाचीं. वेगही एकोणिसावा हिस्सा ठेवला तर मिनिटाचे फेरे तितकेच, आणि ठोक्यांची लयही मूळचीच. समजा, खरी गाडी ताशीं १२ किलोमीटरांनीं जात आहे. तर माझ्या एंजिनानें सेकंदास साडेसतरा सेंटिमीटर जावें, म्हणजे आमच्या गच्चीवरचा ६ मीटरांचा फेरा ३४ सेकंदांत पुरा करावा. सूर वरचा लागेल, धुराडेंच बारीक. परंतु लय तीच. आणि दादाला हवी होती ती लय.

पहिल्या दिवशीं एंजिनानें तो फेरा ९ सेकंदांत पुरा केला! ठोके कसले, शिट्टीसारखा एक अखंड सूर. सात हजारपट हलकें झालेलें यंत्र. त्याच्या अंगांत जडपणाच उरत नाहीं, वाफेचा धक्का लागला कीं तें पळत सुटतें. मोठ्या एंजिनाला चालविणें अवघड, लहानाला थोपविणें. तेथून पुढें चार महिने मी केवळ त्याला सावकाश चालावयास शिकवीत होतों. वाफेची वाट अरुंद केली, सरकझडपांचे कांठ वाढवून वाफ लौकर तुटेल असें केलें, आणि मागें शिशाचे तुकडे भरलेले सहा डबे जोडले. ९ चे १५ झाले, १५ चे २२, आणि गेल्या माघांत एका सकाळीं ३१. मीं त्यावर समाधान मानलें.

दादाला गच्चीवर आणलें तो दिवस रविवारचा होता. खुर्ची वर्तुळाच्या मध्यभागीं ठेवली, म्हणजे एंजिन त्याच्याभोंवतीं फिरेल. आधीं थंड एंजिन मांडीवर दिलें. त्यानें धुराड्यापासून मागच्या दिव्यापर्यंत बोटें फिरविलीं, टाकीवरच्या रिव्हेटांच्या ओळी मोजल्या, एका ठिकाणीं थांबून म्हणाला, “हा एक राहिला आहे.” राहिलेलाच होता. मग वाती पेटविल्या. सात मिनिटांनीं कांटा ४० वर आला. वाफ तापलेल्या तेलाचा वास घेऊन बाहेर पडली तेव्हां, कोळसा नसतांही, त्यानें मान वर केली आणि तोंड त्या बाजूस वळविलें.

एंजिन निघालें. तीन फेरे झाले, चार झाले. तो कांहींच बोलेना. खुर्चीच्या हातावर एक बोट तेवढें वाजत होतें. पांचव्या फेऱ्यास तो म्हणाला, “चौथा ठोका हलका आहे रे. तीन बरोबर पडतात, चौथा पाय ओढतो.” मला तें ऐकूं आलें नव्हतें. मीं एंजिन थांबविलें, निवूं दिलें, डाव्या बाजूचें झांकण काढलें. झडप तिच्या दांड्यावर अर्धा आटा पुढें बसलेली होती. मिलिमीटराचा पांचवा हिस्सा. तो अर्धा आटा मागें घेतला, पाणी भरलें, परत वाती लावल्या.

या खेपेला तो बोटही वाजवीत नव्हता. स्पिरिट संपेपर्यंत, म्हणजे अकरा मिनिटें, एंजिन त्याच्याभोंवतीं फिरत राहिलें आणि शेवटीं आमच्या पाण्याच्या टाकीजवळ थकून उभें राहिलें. “वॉटर पाइप आलें,” दादा म्हणाला.

येत्या रविवारीं मी तांबट आळींतल्या त्या कारागिरांनाही बोलावलें आहे. दादानें मात्र नवें काम लावून दिलें आहे. सपाटीवर काय, कोणतेंही एंजिन चालेल, असें त्याचें म्हणणें. पावसाच्या आधीं वीसास एकाची चढण बांधून ठेव, तेथें ठोके कसे पडतात तें ऐकावयाचें आहे. म्हणजे दर मीटरामागें पांच सेंटिमीटर उंची. त्यासाठीं लागणाऱ्या विटा कालच गच्चीवर चढविल्या आहेत.